पंधरा केंद्रं, मालक एक: लुले नदीची वीज

(दृश्य: बर्फाखालचं रान, वरून. विजेच्या मनोऱ्यांची रांग.)

स्वीडनचा हा अगदी उत्तरेचा मुलूख. आर्क्टिक वृत्त केव्हाच मागं पडलंय. खाली दिसतेय ती लुले नदी. नॉर्वेच्या सीमेलगत डोंगरांत ती उगम पावते आणि सुमारे 460 किलोमीटर वाहून लुलेओ शहरापाशी समुद्राला मिळते.

या एका खोऱ्यात 15 मोठी जलविद्युत केंद्रं आहेत. पंधराच्या पंधरा वाटेनफॉल या वीजकंपनीची, आणि वाटेनफॉल पूर्णपणे स्वीडिश सरकारची. स्वीडनमधल्याच इतर नद्यांवर वरचं केंद्र एकाचं, खालचं दुसऱ्याचं, असं सर्रास दिसतं. इथं तसं नाही. देशाच्या विजेचा जवळपास दहावा हिस्सा या पाण्यातून निघतो.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. पाठीवर ओझी घेतलेली माणसं.)

सुरुवात झाली याच नदीवरच्या पोर्युसला. उत्तर स्वीडनमधल्या किरूनाच्या खाणीतलं लोहखनिज नॉर्वेच्या नार्विक बंदरात जायचं, तेही वाफेच्या इंजिनांवर. कोळसा परदेशातून आणावा लागे. घरचं पाणी असताना बाहेरचा कोळसा का जाळायचा? सरकारनं 1909 साली स्वतःचं वीजखातं उभं केलं, आणि 1910 मध्ये संसदेनं पोर्युसला मंजुरी दिली. नफ्याची खात्री पटल्याशिवाय या रानात पैसा घालायला खासगी भांडवलदार कशाला येतोय? सरकार आलं.

पण पोर्युसला रस्ताच नव्हता. जवळचं रेल्वे स्थानक येलिवारे, तिथून सुमारे 50 किलोमीटर दलदल आणि जंगल. मग दलदलीवर लाकडी फळ्या टाकून पायवाट केली. या चित्रातला माणूस बघा. कपाळावरून पट्टा, पाठीवर लाकडी चौकट, चौकटीला दोरीनं आवळलेली पोती. पीठ, अवजारं, स्फोटकं, सगळं असंच आलं. एकेकाच्या पाठीवर 50 किलोच्या आसपास वजन. 1911 मध्ये रेल्वे पोहोचेपर्यंत हे बांधकाम माणसांच्या पाठीवर चाललं.

(दृश्य: पोर्युसची इमारत. लिफ्टनं खाली, यंत्रघरात.)

वरून गढीसारखं दिसतं ते जुनं विद्युतगृह. खरं काम मात्र खाली, खडकात, सुमारे 50 मीटर खोल. वरच्या तलावातलं पाणी उभ्या विहिरींतून खाली कोसळतं, टर्बाइन फिरवतं आणि बोगद्यातून पुन्हा नदीला मिळतं. 1915 मध्ये इथली वीज किरूना ते नॉर्वेच्या सीमेपर्यंतच्या रेल्वेला मिळाली.

(दृश्य: सुओर्वा धरण. उन्हाळ्याच्या तोंडाला उघडे पडलेले काठ.)

या नदीचं गणित असं, की बर्फ वितळून पाण्याचा लोंढा येतो उन्हाळ्यात आणि विजेची खरी गरज असते हिवाळ्यात. म्हणून वरच्या अंगाला सुओर्वा धरण. जवळपास 6 अब्ज घनमीटर पाणी इथं साठतं. हिवाळाभर ते सोडतात आणि पातळी 30 मीटरपर्यंत उतरते. सुओर्वाचं पाणी पोर्युसला येतं, पोर्युसचं हार्सप्रोंगेटला, तिथून लिग्गा, मेस्साउरे, आणि असं करत बोडेनपर्यंत. तेच पाणी पुन्हा पुन्हा काम करतं. किती सोडायचं, केव्हा सोडायचं, हे सगळ्या केंद्रांसाठी मिळून ठरतं, कारण मालक एकच आहे. सार्वजनिक मालकीची ताकद बघायची, तर ती इथं.

हा जलाशय राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहे. स्टूरा शोफालेट हे उद्यान 1909 मध्ये घोषित झालं आणि दहाच वर्षांत धरणासाठी त्यातून नदीचा पट्टा वगळला. पाणी चार वेळा चढवलं, शेवटचं 1972 मध्ये. काठावर राहणाऱ्या सामी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी कुटुंबांची घरं, रेनडियरची कुरणं, जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या.

(दृश्य: हार्सप्रोंगेट. नदीचं कोरडं पात्र, मग यंत्रघर.)

इथं प्रचंड धबधबा होता. काम 1919 ला सुरू झालं, पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत थांबलं, 1945 नंतर पुन्हा हाती घेतलं आणि 1951 मध्ये वीज निघाली. आजही हे स्वीडनमधलं सर्वांत मोठं जलविद्युत केंद्र आहे. इतकी वीज दक्षिणेच्या शहरांत न्यायची कशी? त्यासाठी 1952 मध्ये हाल्सबेरीपर्यंत साडेनऊशे किलोमीटरच्या घरातली 380 किलोव्होल्टची वाहिनी टाकली. एवढ्या दाबाची जगातली ही पहिलीच.

(दृश्य: मेस्साउरे. झाडांत हरवलेले रस्ते.)

हे मेस्साउरे. धरणाच्या कामगारांसाठी वसवलेलं गाव. शाळा, दुकानं, सगळं होतं. धरण झालं, गाव उठलं.

(दृश्य: योक्मोक्कचा मुख्य रस्ता, नगरपालिकेची इमारत.)

1992 मध्ये सरकारी खात्याची वाटेनफॉल कंपनी झाली, मात्र सगळे समभाग सरकारकडेच राहिले. ते योग्यच झालं. पण लुलेवरची बहुतेक केंद्रं ज्या योक्मोक्क नगरपालिकेच्या हद्दीत आहेत, तिथं माणसं जेमतेम पाच हजार. केंद्रांवरचा मालमत्ता कर जातो थेट सरकारी तिजोरीत, नगरपालिकेकडे नाही. डोंगरापलीकडे नॉर्वेत जलविद्युतीच्या करातला वाटा आणि ठरावीक वीज स्थानिक नगरपालिकांना कायद्यानंच मिळते. योक्मोक्कला एवढंच हवंय, आणि सरकारच मालक असताना ते द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.