आषाढातला वारा, माघातली वीज

(दृश्य : चाळकेवाडीचं पठार, डिसेंबरची सकाळ. पवनचक्क्यांची पाती थांबलेली.)

साताऱ्याहून ठोसेघरच्या रस्त्यानं वर आलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. आषाढात इथं छत्री टिकत नाही. धुक्यात पवनचक्की दिसत नाही, नुसता पात्यांचा आवाज येतो. तीच पाती मार्गशीर्षात कितीतरी वेळ जागची हलत नाहीत.

वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनानं बदलते. सेकंदाला ८ मीटरचा वारा ४ मीटरवर आला की वीज निम्मी होत नाही, आठवा हिस्सा उरते. आणि याच दिवसांत खाली कऱ्हाड, वाळवा, तासगावच्या रानात पाण्याच्या मोटारी चालू असतात.

युरोपात हिवाळ्याची अडचण सूर्याची असते, आपली तशी नाही. २२ डिसेंबरलाही साताऱ्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४९ अंशांवर असतो, दिवस ११ तासांचा असतो. पॅनेल पुसलेलं असेल तर थंड हवेत ते जरा जास्तच वीज देतं. आपल्याला दोन खिंडारं बुजवायची असतात. एक संध्याकाळपासून सकाळपर्यंतचं, दुसरं पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचं.

पहिलं बॅटरीनं बुजतं. दुसऱ्याचा हिशेब मांडून बघा. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी साधारण ५ युनिट धरते. रोज ५ युनिट लागणाऱ्या घराला तीन महिन्यांसाठी ४५० युनिट, म्हणजे अशा ९० बॅटऱ्या. त्याही वर्षातून एकदाच भरायच्या आणि एकदाच वापरायच्या. लेड-ॲसिड बॅटरी ठेवल्या जागी महिन्याला ३ ते ५ टक्के उतरते, आणि अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरून कायमची मंदावते. घाटघरला पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणारा २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे, पण तोही काही तासांचाच साठा. महिन्यांचा नाही.

(दृश्य : शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय. काठाला पाणी उतरल्याच्या खुणा.)

महिन्यांचा साठा इथं आहे. कोयना धरण, १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट).

शिवसागरातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली पडतं. हजार लिटर पाण्यामागं एका युनिटाहून थोडी जास्त वीज मिळते. मग कोळकेवाडी धरणात साठलेलं तेच पाणी कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात आणखी शंभरेक मीटर उतरतं. दोन्ही मिळून एका टीएमसीमागं ४ कोटी युनिटांच्या घरात वीज. त्या ५ युनिटांच्या बॅटरीत मोजली तर ८० लाख बॅटऱ्या.

म्हणून पवनचक्कीची वीज साठवायचा सोपा मार्ग हा, की वारा सुटला की कोयनेचं जनित्र थांबवायचं. पठारावर एक युनिट तयार झालं, तेवढं पाणी धरणात राहिलं. हिवाळ्यातही तसंच. दुपारी ऊन असतं तोवर पाणी धरून ठेवायचं आणि दिवेलागणीला सोडायचं. पाण्याचं जनित्र काही मिनिटांत भार घेतं, कोळशाच्या संचाला थंड अवस्थेतून उठायला कित्येक तास लागतात.

यात एक मोठी मेख आहे. ही युक्ती जून-जुलैत चालते. ऑगस्टात धरण भरत आलं, सांडव्याचे दरवाजे उचलले, की वाचवलेलं पाणी वीज न करताच कऱ्हाडकडं निघून जातं, आणि सांगलीत आयर्विन पुलाखाली पातळी चढायला लागते. पूर सामावायला धरणात जागा ठेवावी लागते, ती वाऱ्याच्या विजेसाठी अडवता येत नाही. म्हणजे वारा अजून जोरात असतो तेव्हाच त्याचा साठा करायला जागा कमी.

दुसरी मर्यादा कृष्णा पाणीतंटा लवादाची. पश्चिमेकडं वर्षाला ६७.५ टीएमसीच पाणी वळवता येतं. वर्ष मोजायचं १ जून ते ३१ मे. बाकीचं पूर्वेला, शेतीला. पूर्वेचं पाणी पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेकनं सुटतं आणि ४० मेगावॉट देतं. त्या वेगानं एक टीएमसी सुटायला साडेपाच दिवस लागतात, आणि वीज होते सुमारे ५० लाख युनिट. पश्चिमेच्या मानानं आठवा हिस्सा. शिवाय टेंभू, ताकारी, म्हैसाळ उपसा योजनांना नदीतलं पाणी पुन्हा वर चढवायला वीज लागते, ती वेगळी. तरीही या पाण्याला ‘वाया गेलेली वीज’ म्हणणं आम्हाला मान्य नाही. आटपाडीच्या डाळिंबाला पश्चिमेच्या पोफळी वीजगृहातल्या युनिटांचा काय उपयोग?

(दृश्य : साखर कारखान्याचं आवार. बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची गंजी, वर कन्व्हेयर.)

दुसरा साठा उसात असतो. एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो बगॅस निघते. त्यात निम्मं पाणी. उच्च दाबाच्या बॉयलरला एक टन बगॅस घातली तर सव्वादोन टनांच्या आसपास वाफ, आणि सगळी वाफ विजेसाठीच वापरली तर साडेचारशेच्या आसपास युनिटं. गाळप हिवाळ्यातच असल्यानं वारा पडलेला असतानाच ही वीज येते. प्रश्न शिलकीचा आहे.

ताज्या बगॅसमध्ये दोनेक टक्के साखर राहून गेलेली असते. तिच्यावर जंतू वाढतात, गंजी आतून तापते, आणि वजन आतल्या आत घटत जातं. गंजी सैल असेल तर आत हवा जाते, उष्णता बाहेर पडत नाही आणि एखाद्या दुपारी मधूनच धूर निघतो. म्हणून प्रत्येक थर डोझरनं दाबून घ्यायचा. दोन गंज्यांमध्ये अग्निशमनाची गाडी फिरेल एवढा रस्ता सोडायचा. लोखंडी सळई दोन मीटर आत खुपसून काही मिनिटांनी ओढायची. हातात धरवत नसेल तर तो भाग तिथंच उकरून आधी बॉयलरला पाठवायचा. वर विजेच्या तारा नकोत. जुनी बगॅस आधी, नवी नंतर, हा क्रम मोडला की तळाची कुजते. बुरशी धरलेल्या बगॅसची धूळ फुप्फुसात गेली की बगॅसोसिस होतो, तेव्हा गंजी उकरणाऱ्याच्या तोंडाला मास्क हवाच. नुसता रुमाल पुरत नाही.

गुऱ्हाळावर हेच काम उन्हानं होतं. चिपाड रानात पसरून दोन-तीन दिवस वाळवतात, मगच चुलवाणात घालतात. ओलं घातलं तर निम्मा जाळ पाणी उडवण्यातच जातो.

कारखान्याला सगळी बगॅस मेपर्यंत जाळून चालत नाही. ऑक्टोबरात बॉयलर पेटवायचा तर ऊस गाळण्याआधी इंधन लागतं, आणि ऊस गाळल्याशिवाय नवी बगॅस निघत नाही. तेवढी एक गंजी ताडपत्रीखाली, चर खणलेल्या उंचवट्यावर, सगळ्या पावसाळ्यातून कोरडी काढावी लागते.