छातीतला खड्डा आणि वाढीची वर्षं

[दृश्य: नाशिक, त्र्यंबक रोडवरचा सावरकर जलतरण तलाव. मुलं पाण्यात उतरताहेत. एकाच्या अंगात टी-शर्ट तसाच.]

निवेदन:
या टी-शर्टखाली छातीच्या मधोमध खड्डा आहे. ‘पोक काढून बसतोस, म्हणून झालं,’ असं घरचे म्हणतात. बहुतेकदा उलटं असतं. खड्डा दिसू नये म्हणून मुलगा पोक काढतो.

छातीचं मधलं हाड, म्हणजे उरोस्थी, जन्मतः अखंड नसतं. त्याचे तुकडे पूर्ण सांधायला विशी उलटते. बरगड्या त्याला कूर्चेने, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक भागाने जोडलेल्या असतात आणि बिघाड मुख्यतः या कूर्चेच्या वाढीत असतो. हाड आत ओढलं गेलं की खड्डा, पुढे आलं की उंचवटा. कॅल्शियमच्या गोळ्यांनी तो खड्डा भरत नाही. मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडण्याचा आजार, असेल तर गोष्ट वेगळी.

[दृश्य: सतरंजीवर उताणा झोपलेला मुलगा, छातीवर आडवी पट्टी.]

खड्डा पुष्कळदा लहानपणीच दिसतो. उंचवटा बहुधा अकराव्या वर्षानंतर. उंची झपाट्याने वाढते तेव्हा दोन्ही वाढू शकतात, म्हणून त्या काळात दर तीन महिन्यांनी मोजावं. मूल उताणं, श्वास सहज सोडलेला. एक पट्टी छातीवर आडवी, दुसरी तिच्यापासून खड्ड्याच्या तळापर्यंत उभी. सोबत उंचीही लिहायची. बसवून मोजलं की आकडा फसवतो.

सीटी स्कॅनवर छातीची आडवी रुंदी भागिले उरोस्थी ते मणका हे अंतर, म्हणजे हॅलर निर्देशांक. रुंदी २४ सेंटिमीटर, अंतर ६, तर उत्तर ४. साधारण २.५ ठीक; ३.२५ च्या वर शस्त्रक्रियेचा विचार होतो. पण नुसत्या आकड्यावर कुणी पोराला टेबलावर घेऊ नये. धाप लागते का, हृदय दाबलं जातंय का, आणि मुलाला स्वतःला काय हवंय, हे आधी.

मुलगा उंच, बोटं लांबसडक, हातांचा पसारा उंचीपेक्षा जास्त असेल तर मार्फान सिंड्रोमच्या (हाडं, सांधे आणि हृदयालाही गाठणारा आनुवंशिक आजार) शंकेने हृदयाची इको, म्हणजे सोनोग्राफीही करतात.

[दृश्य: पाठीमागे-पुढे पॅड असलेला पट्टा.]

उंचवट्यावर दाबपट्टा चालतो, छाती लवचीक आहे तोवरच. घाईने आवळला की कातडी सोलते. आत सुती बनियन हवी, नाशिकच्या मे महिन्यात तर दोन बदलायला. काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही, तर दाब जास्त आहे.

खड्ड्यासाठी अमेरिकेतले सर्जन डोनाल्ड नस यांची शस्त्रक्रियेची पद्धत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. बाजूंच्या छोट्या छेदांतून वाकवलेली धातूची पट्टी उरोस्थीमागे घालून उलटवतात, म्हणजे हाड पुढे ढकललं जातं, आणि दोन-तीन वर्षांनी काढतात. पट्टी स्टीलची असेल तर आधी निकेलची ॲलर्जी तपासायची. असल्यास टायटॅनियमची घ्यायची.