दीव: जकातीसाठी लढलं गेलेलं बेट

श्रोतेहो, नमस्कार.

दीवला निघालेल्या माणसाला ‘काय विशेष?’ म्हणून विचारलं, तर तो आधी नुसता हसतो. गुजरातेत दारूबंदी आहे आणि उन्याच्या पुढं घोघल्याची वेस ओलांडली की ती संपते, एवढं कारण पुष्कळांना पुरतं. शनिवार-रविवारी सौराष्ट्रातल्या गाड्या त्या दिशेनं वळतात. माझी त्याला हरकत नाही, ज्याची त्याची सुटी. फक्त परतताना बाटली वेशीपलीकडे नेऊ नये, तिथं तपासणी होते. पण याच बेटासाठी एके काळी कैरो, इस्तंबूल आणि लिस्बनच्या दरबारांनी आरमारं धाडली होती, शेकडो कोस समुद्र तुडवत. ती का धाडली, एवढं समजून घेऊन गेलं तर दीवचा किल्ला वेगळाच दिसायला लागतो. आज बोलायचं आहे ते त्याविषयी.

बेट तसं पाहिलं तर चिमुकलं. सारा दीव जिल्हा मिळून जेमतेम ४० चौरस किलोमीटर. सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला बिलगलेलं, मधे अरुंद खाडी. जमीन चुनखडीच्या खडकाची, गोडं पाणी बेताचं. इथं सोनं निघत नाही, मिरी पिकत नाही. मग कशासाठी एवढी मारामारी?

नकाशा काढा आणि खंबायतच्या आखाताकडे बघा. गुजरातचं कापड, नीळ, अकीक हे सगळं खंबायतहून जगभर जायचं. पण त्या आखातात भरती-ओहोटीचा जोर भयंकर, शिवाय गाळ. तांबड्या समुद्रातून किंवा होर्मुझहून वारा धरून आलेली मोठी जहाजं आत न्यायची म्हणजे जिवाशी खेळ. दीव बरोबर त्या आखाताच्या दाराशी बसलेलं, मागच्या खाडीत नांगरायला आडोसा. मोठी जहाजं इथं थांबायची, माल लहान गलबतांवर चढायचा-उतरायचा आणि दर गासडीवर जकात भरली जायची. दीव ज्याच्या हातात, त्याच्या हातात ही जकात. पुढचा सगळा इतिहास म्हणजे या गल्ल्याची चावी कुणाच्या कंबरेला लटकावी याचं भांडण आहे. धर्माची भाषा दोन्ही बाजूंनी पुष्कळ झाली, पण हिशेबाच्या वह्या कुणी नजरेआड केल्या नाहीत.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ही चावी मलिक अयाझकडे होती. गुलाम म्हणून आलेला हा माणूस गुजरातच्या सुलतानाचा दीवमधला सुभेदार झाला होता. मोठा धोरणी. पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालून आले आणि मिरीचा व्यापार त्यांनी कैरोच्या आणि व्हेनिसच्या हातून हिसकायला सुरुवात केली, तेव्हा कैरोच्या सुलतानानं आरमार पाठवलं. मलिक अयाझ त्याला सामील झाला. पहिली गाठ पडली ती आपल्या चौलला, १५०८ साली. होय, अलिबागजवळचं, रेवदंड्याला लागून असलेलं तेच चौल. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा याचा मुलगा लॉरेन्सो मारला गेला. बापानं सूड घ्यायचा चंग बांधला आणि ३ फेब्रुवारी १५०९ ला दीवच्या पाण्यात कैरो, गुजरात आणि कालिकतचा राजा सामुतिरी या तिघांच्या एकत्र आरमाराचा धुव्वा उडवला. हिंदी महासागरावर पुढची कित्येक वर्षं कुणाचा हुकूम चालणार, ते त्या दिवशी बरंचसं ठरून गेलं. गंमत म्हणजे एवढं जिंकूनही अल्मेडानं दीव घेतलं नाही. ठाणं सांभाळायचा खर्च नको होता.

ते मिळालं पंचवीसेक वर्षांनी, आणि तेही लढून नाही. १५३१ साली पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा मोठं आरमार घेऊन आला आणि हात हलवत परतला. पण सुलतान बहादूरशहाच्या मागं हुमायून लागला. एका अंगाला मोगल, दुसऱ्या अंगाला फिरंगी, अशा कात्रीत त्यानं १५३४ साली वसई देऊन टाकली, तिच्यासोबत मुंबईची बेटंही गेली, आणि १५३५ साली दीवमध्ये किल्ला बांधायची परवानगी दिली. मोगलांचं सावट सरल्यावर त्याला पश्चात्ताप झाला. १५३७ च्या फेब्रुवारीत तो बोलणी करायला पोर्तुगीज जहाजावर गेला. परतताना झटापट झाली आणि गुजरातचा सुलतान दीवच्या समुद्रात संपला. चूक कुणाची, यावर फारसी आणि पोर्तुगीज बखरकारांचं आजवर जमलेलं नाही.

आता किल्ल्यात शिरू या. तीन बाजूंना समुद्र आहे, चौथ्या बाजूला खडक फोडून काढलेला खंदक. दारातून आत गेलात की घाईनं दीपगृहाकडे धावू नका, सगळे तेच करतात. आधी खंदकाच्या कडेला उभं राहून खाली बघा. भिंतीला बांधकामाचे थर दिसतात, त्याखाली अखंड कातळ आणि त्यावर टाकीचे घाव. तटावर तोफा तशाच पडलेल्या आहेत. काही पितळी, त्यांच्या पाठीवर राजचिन्हं कोरलेली. हाताला तापलेल्या लागतात, कारण सावली म्हणून नाही. एक वाट धरून तटाच्या कडेनं चाललं की प्रत्येक बुरूज समुद्राचा कुठला तुकडा राखत होता ते आपोआप कळतं. खाडीच्या तोंडात पाण्यातच एक छोटा दगडी कोट उभा आहे, जहाजासारखा लांबट. त्याला पाणीकोठा म्हणतात. तो आणि मोठा किल्ला यांच्या तोफांमधून वाट काढल्याशिवाय कुणालाही बंदरात येता येत नव्हतं.

याच तटावर दोन मोठे वेढे पडले. १५३८ साली इस्तंबूलच्या ऑटोमन, म्हणजे तुर्की, सुलतानाचा सेनानी सुलेमान पाशा आरमार घेऊन आला, जमिनीवरून गुजरातची फौज. आत मूठभर शिबंदी. किल्ला पडायच्या बेतात असताना वेढा उठला, कारण तुर्क आणि गुजराती यांचं आपापसात पटेना. दुसरा वेढा १५४६ चा. त्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जुआंव द कास्त्रो हा तेव्हाचा गोव्याचा गव्हर्नर. त्याचा तरुण मुलगा फर्नांदो या वेढ्यात सुरुंगानं उडालेल्या बुरुजाखाली मेला. वेढा मोडला, पण किल्ल्याची चाळण झालेली, आणि दुरुस्तीला पैसा नाही. कास्त्रोनं गोवेकरांकडे कर्ज मागितलं. तारण काय ठेवणार? मुलाच्या अस्थी पाठवायचं मनात होतं, ते जमेना, तेव्हा त्यानं आपल्या दाढीचे केस पाठवले. गोवेकरांनी केस परत केले आणि पैसे दिले. पोर्तुगालमध्ये ही कथा शौर्यगाथेसारखी सांगतात. मला तिच्यात सरकारी तिजोरीचा खडखडाट जास्त ऐकू येतो.

किल्ला टिकला, आणि पुढं काही काळ पोर्तुगीजांनी या जागेचं चीज केलं. समुद्रात जाणाऱ्या जहाजाला त्यांचा परवाना लागायचा, परवान्यासाठी त्यांच्या बंदराला लागावं लागायचं आणि बंदराला लागलं की जकात आलीच. पण १५७३ साली अकबरानं गुजरात घेतलं, सुरत वाढली, मग डच आणि इंग्रज सुरतेला आले. व्यापार दीवच्या दारावरून सरळ निघून जाऊ लागला. १६६८ साली ओमानच्या अरबांनी शहर लुटलं, त्यानंतर दीव पुन्हा तसं उभं राहिलं नाही. दीवच्या वाण्यांचं कापड मोझांबिकला जात राहिलं, तिकडून हस्तिदंत येत राहिला, गुलामही. बेटावर आजही सिद्दी वस्ती आहे. बाकी शहर आकसलं. जुनं गाव आज एवढं शाबूत दिसतं ते या मंदीमुळे. पैसा असता तर कधीच पाडून नवं बांधलं असतं.

चर्चही त्याच हिशेबात बसतात. तीन मोठी चर्च आहेत आणि उपासक उरले मोजके. संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये रुग्णालय आलं. १५९८ च्या संत थॉमस चर्चमध्ये संग्रहालय आहे, तिथं लाकडी संत रांगेत उभे आहेत, कुणाचा हात गेलेला, कुणाचा रंग. प्रार्थना चालते ती संत पॉलच्या चर्चमध्ये. १६०१ ला सुरू होऊन १६१० ला पुरं झालेलं हे जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारक पंथाचं काम. दर्शनी भिंत बाहेरून नक्षीनं गच्च भरलेली. आत मात्र नजर जाते ती काळसर लाकडात कोरलेल्या वेदीकडे. वसईच्या किल्ल्यातल्या छप्पर उडालेल्या चर्चमध्ये उभं राहून ‘हे आतून कसं असेल’ असं ज्यांना वाटलं असेल, त्यांनी इथं जरूर यावं.

समुद्रकिनाऱ्यांविषयी थोडक्यात. नागव्याचा किनारा घोड्याच्या नालेसारखा वळलेला, पोहायला चांगला आणि सुटीच्या दिवशी गजबजलेला. घोघल्याचा लांबलचक, त्याला २०२० साली स्वच्छ किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालं. नागव्याच्या वाटेवरची होक्याची झाडं मात्र थांबून बघा. ताडाचीच जात, पण खोडाला फांद्या फुटतात. एक खोड दोन होतं, दोनाची चार, आणि प्रत्येक टोकाला पंख्यासारख्या पानांचा झुबका. फुदमला खडकाच्या कपारीत गंगेश्वराच्या पाच पिंडी आहेत. भरतीच्या वेळी लाटच येऊन अभिषेक करते, तेव्हा भरतीची वेळ विचारून जावं. नायडाच्या गुहा म्हणजे खरं तर दगडखाणी. छायाचित्रं काढणाऱ्यांची तिथं झुंबड असते.

अलीकडचा इतिहासही या बेटावर आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याबरोबर दीवही मुक्त झालं. किल्ल्यावर तोफा डागल्या त्या भारतीय नौदलाच्या ‘दिल्ली’ या क्रूझरनं. तिची गंमत अशी की ‘अकिलीस’ या नावानं तीच नौका १९३९ साली, दुसऱ्या महायुद्धात, दक्षिण अमेरिकेजवळच्या रिव्हर प्लेटच्या लढाईत ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेशी झुंजली होती. विमानांनी धावपट्टीवर बॉम्ब टाकले, ‘व्हेगा’ ही पोर्तुगीज गस्ती नौका बुडवली, आणि १९ डिसेंबरला ४२६ वर्षांचा अंमल संपला. दहा वर्षांनी, ९ डिसेंबर १९७१ ला, दीवपासून दूर समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीनं भारतीय नौदलाची ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. किनाऱ्यावरच्या टेकाडावर स्मारक आहे. तिथं मोठ्यानं गाणी लावणारे लोक बघितले की चीड येते, एवढं बोलून पुढं जातो.

दीवचे पुष्कळ लोक आज दीवमध्ये नाहीत. पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं. त्या पासपोर्टावर माणसं लिस्बनला गेली, तिथून लंडन आणि लेस्टरला. गल्लीतली बंद, कुलूपबंद घरं त्यांची.

जायचं असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. रेल्वेनं वेरावळपर्यंत आणि पुढं दोन-एक तास रस्ता. मुंबईहून विमानही असतं, वेळापत्रक आधी बघून घ्यावं. किल्ला सकाळी करावा, दुपारी तटावर टिकाव लागत नाही. आणि हातात एखादा दिवस जास्त असेल तर परतीची वाट जुनागढवरून घ्या. तिथल्या उपरकोट किल्ल्यावर ‘नीलम’ नावाची १७ फूट लांबीची तोफ आहे, शेजारी तिची धाकटी ‘कडाणल’. नीलमवर अरबी लेख आहे. तो सांगतो की ही तोफ ऑटोमन सुलतान सुलेमानच्या हुकमानं १५३१ साली मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, ओतली, राज्याच्या आणि धर्माच्या शत्रूंना शासन करण्यासाठी. १५३८ चा वेढा उठवून सुलेमान पाशा घाईनं निघाला, तेव्हा या दोन्ही तोफा मागं राहिल्या. परत न्यायला कुणी आलं नाही.

नमस्कार.