१ ऑगस्ट १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन

नमस्कार श्रोतेहो! १ ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती. रॉक संगीताच्या इतिहासातही या तारखेला मान आहे. १९७१ साली याच दिवशी, रविवारी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ रंगली.

नोव्हेंबर १९७०च्या चक्रीवादळात पूर्व पाकिस्तानातली लाखो माणसं दगावली. पाठोपाठ मार्चमध्ये लष्कराचे अत्याचार सुरू झाले आणि निर्वासितांचे लोंढे भारतात येऊ लागले. पंडित रविशंकर बंगाली घरातले. त्यांना स्वस्थ बसवेना. आपला शिष्य, बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन, याच्यापाशी त्यांनी मन मोकळं केलं, आणि जॉर्जनं भराभर फोन लावले. रिंगो स्टार, एरिक क्लॅप्टन, लिऑन रसेल, बिली प्रेस्टन तयार झाले. बॉब डिलनचं मात्र शेवटपर्यंत नक्की नव्हतं. जॉर्जनं गिटारवर चिकटवलेल्या यादीत ‘बॉब’ या नावापुढे चक्क प्रश्नचिन्ह होतं. डिलन आला, गायला!

मला सगळ्यात मोलाची वाटते ती सुरुवात. रॉक ऐकायला आलेल्या हजारोंसमोर आधी बसले रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर मुंबईत स्थायिक झालेले अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं जुळवून झाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. रविशंकर म्हणाले, जुळवणी एवढी आवडली, तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. हा किस्सा सांगून लोक त्या श्रोत्यांना हसतात. मला ते पटत नाही. न कळणाऱ्या संगीताला त्यांनी आधी दाद दिली आणि मग मन लावून ऐकलं, याचं मला कौतुक आहे. बंगालच्या दुष्काळावर ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचणाऱ्या अण्णाभाऊंच्या जन्मदिवशीच हे घडलं, याचाही फार आनंद वाटतो.

दुपारी आणि रात्री असे दोन कार्यक्रम झाले, मिळून सुमारे ४०,००० श्रोते. तिकिटांचे २,४३,००० डॉलरहून अधिक युनिसेफकडे गेले. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाच्या कमाईचा मोठा हिस्सा मात्र अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकून पडला, कारण धर्मादाय म्हणून आधी नोंदणी झालेली नव्हती. भुकेल्या पोरांच्या तोंडचा घास कागदपत्रांत अडकावा, हे आजही सलतं. पुढे लाइव्ह एडसारखे मोठे मदत-कार्यक्रम याच वाटेनं गेले.

याच मैफलीतली सतार-सरोदची जुगलबंदी, ‘बांगला धुन’, आता ऐकू या.