पोहणारे उंदीर, नऊ शब्द आणि ब्ल्यूबेरी

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बोलायला लागण्याआधी तुम्हाला एक छोटं काम देतो. मी नऊ शब्द वाचतो, ते नुसते ऐका. कागद-पेन काढायचं नाही. खुर्ची, करवत, चिमणी, कपाट, पोपट, हातोडा, पलंग, घार, पटाशी. झालं. थोड्या वेळानं विचारीन.

ब्ल्यूबेरीचं नाव मेंदूशी जोडलं गेलं ते उंदरांमुळे. बोस्टनला टफ्ट्स विद्यापीठात अमेरिकी कृषी खात्याचं एक केंद्र आहे. म्हातारपण आणि आहार यांचा अभ्यास तिथे चालतो. जेम्स जोसेफ आणि बार्बरा शुकिट-हेल हे तेव्हाचे तिथले संशोधक. १९९९ साली त्यांनी एकोणीस महिन्यांचे उंदीर घेतले. प्रयोगशाळेतला उंदीर जगतो दोन-अडीच वर्षं, म्हणजे ही सगळी आजोबा मंडळी. काहींना नेहमीचं खाणं दिलं, काहींच्या खाण्यात स्ट्रॉबेरीचा अर्क मिसळला, काहींच्या पालकाचा, काहींच्या ब्ल्यूबेरीचा. ब्ल्यूबेरीचा वाटा एकूण खाण्याच्या दोन टक्क्यांहूनही कमी होता. आठ आठवडे हे चाललं आणि मग परीक्षा.

ही परीक्षा कशी घेतात ते सांगण्यासारखं आहे. एक मोठा गोल हौद असतो, त्यातलं पाणी मुद्दाम गढूळ केलेलं. पाण्याखाली बोटभर खोलीवर एक छोटा चौथरा असतो, पण तो दिसत नाही. उंदराला पाण्यात सोडतात. पोहता येत असलं तरी त्याला पाण्यात राहायचं नसतं. फिरता फिरता कधीतरी पाय चौथऱ्याला लागतो आणि जीव भांड्यात पडतो. दुसऱ्या वेळी त्याला वेगळ्या कडेनं सोडतात. आता भिंतीवरच्या खुणा बघून ‘तो चौथरा अमुक दिशेला होता’ हे त्याला आठवायचं असतं. तरुण उंदीर चार-सहा खेपांत सरळ जायला लागतो. म्हातारा घुटमळत राहतो, कडेकडेनं गोल फिरतो.

अर्क खाल्लेल्या तिन्ही गटांना चौथरा अधिक चांगला सापडला. ब्ल्यूबेरीनं मात्र आणखी एक गोष्ट करून दाखवली. बारीक दांडीवरून चालणं, फिरत्या रुळावर तोल सांभाळणं, यांत सुधारणा झाली ती फक्त ब्ल्यूबेरीवाल्यांची. आदल्याच वर्षी याच संशोधकांनी दाखवलं होतं की स्ट्रॉबेरी किंवा पालकाचा अर्क तरुणपणापासून दिला तर म्हातारपणीची घसरण लांबते. १९९९च्या निबंधाच्या शीर्षकात मात्र ‘घसरण उलटवली’ अशा अर्थाचा शब्द होता. त्या एका शब्दावर पुढची पंचवीस वर्षं मथळे निघत आलेत. तोलाची ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

मग प्रश्न आला, हे होतं कसं? तेव्हाचं उत्तर ठरलेलं होतं: अँटिऑक्सिडंट. ब्ल्यूबेरीचा निळा रंग ज्या अँथोसायनिनमुळे येतो, ती द्रव्यं परीक्षानळीत फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे चंचल रेणू, पटापट टिपतात; असं टिपणाऱ्या द्रव्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. कोणतं फळ किती टिपतं याचे आकडे निघाले, अमेरिकी कृषी खात्यानं त्यांचा तक्ता संकेतस्थळावर टाकला, आणि डब्याडब्यांवर ते आकडे झळकायला लागले. २०१२ मध्ये खात्यानं स्वतःच तो तक्ता काढून घेतला. या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध सिद्ध झालेला नाही आणि विकणारे त्यांचा गैरवापर करतायत, असं कारण दिलं. माझ्या मते फार उशिरा झालेलं शहाणपण, पण झालं हे बरं.

अडचण साधी आहे. अँथोसायनिन पोटातून रक्तात जसंच्या तसं फार थोडं पोचतं. बरंचसं आतड्यातले जिवाणू मोडून टाकतात आणि त्याचे तुकडे रक्तात जातात. रक्तात आधीच असलेल्या अँटिऑक्सिडंटांपुढे ही भर म्हणजे दर्यामें खसखस. म्हणून आता विचार वेगळ्या वाटेनं चाललाय. हे तुकडे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवायला लावत असावेत, त्यानं वाहिनी सैल होते, शिवाय दाहही थोडा कमी होतो. २००५ मध्ये ब्ल्यूबेरी खाल्लेल्या म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूतही अँथोसायनिन सापडलं, अगदी हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे जिथे नव्या आठवणी घडतात तिथे. अर्थात एखादी वस्तू घरात सापडली म्हणून तिनंच घर झाडलं, असं होत नाही.

आता माणसांकडे येऊ. २०१० साली सिनसिनाटी विद्यापीठात रॉबर्ट क्रिकोरियन यांनी विसरायला सुरुवात झालेल्या वृद्धांना बारा आठवडे रानटी ब्ल्यूबेरीचा रस दिला. शब्द आठवण्यात सुधारणा दिसली. ही बातमी तुम्ही वाचलीही असेल. बातमीत सहसा नसतं ते सांगतो: माणसं होती नऊ. आणि ज्यांच्याशी तुलना केली, तो गट शेजारच्या दुसऱ्या अभ्यासातून घेतलेला होता. संशोधकांनी हे लपवलं नव्हतं, प्राथमिक अभ्यास म्हणूनच तो मांडला होता. आपण वाचताना तो पक्का केला.

पुढचे अभ्यास जास्त काटेकोर झाले. त्यात एक मजेशीर पेच असतो. ब्ल्यूबेरीनं जीभ निळी होते! ज्याला खोटी पावडर दिलीय त्याला ते कळता कामा नये, म्हणून नकली पावडरही रंगाला, चवीला, साखरेला अस्सलच्या जवळ जाणारी बनवावी लागते. २०१८चा टफ्ट्सच्या केंद्राचाच अभ्यास घ्या. साठ ते पंचाहत्तर वयाची ३७ निरोगी माणसं, नव्वद दिवस, रोज २४ ग्रॅम पावडर, म्हणजे साधारण कपभर ताजी फळं.

आता ते नऊ शब्द. पहिल्या रांगेतल्या काकू, सांगता का? ... खुर्ची, पलंग, चिमणी, पोपट, करवत, हातोडा, कपाट, पलंग. छान, सात आले. आणि बघा, पक्षी एकत्र आले, हत्यारं एकत्र आली. मी तसे वाचले नव्हते, तुमच्या मेंदूनं वर्गवारी केली. शिवाय ‘पलंग’ दोनदा आला. काकू, हसू नका, आजचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द तोच आहे. कारण २०१८च्या अभ्यासात फरक पडला तो इथे. ब्ल्यूबेरी खाणाऱ्यांनी जास्त शब्द आठवले असं नव्हे, तेच शब्द पुन्हा म्हणण्याच्या चुका त्यांच्या कमी झाल्या. आणि एका कामातून दुसऱ्या कामात वळताना जो क्षणभर वेळ जातो, तो थोडा घटला. बस्स. चालण्यात, तोलात काहीही फरक नाही. म्हणजे उंदरांमध्ये जी गोष्ट फक्त ब्ल्यूबेरीची म्हणून गाजली, नेमकी तीच माणसांत दिसली नाही.

‘स्मरणशक्ती वाढते’ या दोन शब्दांखाली प्रत्यक्षात काय असतं ते हे. शिवाय एकाच माणसाच्या पंधरा-वीस चाचण्या घेतल्या की एखादीत नुसत्या योगायोगानंही फरक दिसतो. तोच फरक तशाच चाचणीत, दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा दिसला तरच मी कान टवकारतो.

म्हणून २०२३चा लंडनच्या किंग्ज कॉलेज आणि रेडिंग विद्यापीठाचा अभ्यास मला आवडतो. पासष्ट ते ऐंशी वयाचे ६१ जण, बारा आठवडे, रोज २६ ग्रॅम रानटी ब्ल्यूबेरीची पावडर. यादी ऐकल्या ऐकल्या शब्द आठवणं सुधारलं, कामं बदलतानाची अचूकता वाढली, म्हणजे तो वळण्याचा मुद्दा पुन्हा आला. वरचा रक्तदाब सुमारे साडेतीन अंकांनी उतरला, रक्तवाहिन्या जास्त लवचीकपणे फुलल्या. पण मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह मोजला, तर तो होता तसाच! म्हणजे वाहिन्यांची ती सुरेख गोष्टही पुरती जुळली नाही. या अभ्यासाला पैसा उत्तर अमेरिकेतल्या रानटी ब्ल्यूबेरी उत्पादकांच्या संघटनेनं दिला होता. त्यानं निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. पण या फळावर इतकं संशोधन का होतं आणि दुसऱ्या कितीतरी फळांवर का होत नाही, याचं एक उत्तर मिळतं.

मोठे आकडे हवेत तर अमेरिकेतल्या परिचारिकांचा अभ्यास आहे. २०१२ साली सत्तरीपुढच्या सोळा हजार स्त्रियांची माहिती तपासली. ब्ल्यूबेरी-स्ट्रॉबेरी जास्त खाणाऱ्यांच्या बुद्धीचं वय वाढणं अडीच वर्षांपर्यंत लांबल्यासारखं दिसलं. पण आठवड्याला ब्ल्यूबेरी खाणारी बाई बहुधा चालायलाही जाते, तिच्या हाती पैसाही थोडा जास्त असतो. गणितानं हे वजा करतात, पूर्ण वजा होत नाही. आणि २०२३ मध्ये माइंड आहाराची, म्हणजे मेंदू जपण्यासाठी आखलेल्या आहाराची, चाचणी आली. या आहारात फळांपैकी खास जागा आहे ती फक्त बेरींना. ६०४ माणसं, तीन वर्षं; काहींना हा आहार, काहींना नेहमीचं खाणं. दोन्ही गटांचे गुण थोडे वाढले, गटांमध्ये म्हणावा असा फरक नाही. दुसऱ्या गटालाही कमी खायचा सल्ला होता, त्यांचंही वजन उतरलं, म्हणून या निकालानं सगळं संपलं असं मी म्हणणार नाही. पण अख्ख्या आहाराला जे दाखवता आलं नाही, ते एका फळाच्या गोळीनं होईल असं सांगणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवीन.

मागून चिठ्ठी आलीय: ताजी, गोठवलेली की पावडर? गोठवल्यानं अँथोसायनिनचं फार बिघडत नाही. शिजवल्यानं, मुरंबा केल्यानं बरंच जातं. बहुतेक चाचण्या गोळ्यांवर नव्हे, अख्ख्या फळाच्या पावडरीवर किंवा रसावर झाल्यात.

दुसरी चिठ्ठी: ‘वडील हल्ली नावं विसरतात, सुरू करू का?’ त्यांना आवडत असेल तर जरूर. पण त्याआधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत ते डॉक्टरांना दाखवा, आणि कान तपासा. जे नाव नीट ऐकूच आलं नाही, ते आठवणार कुठून?