डोळ्यामागची खोबण

आज मी नेत्रगोलाबद्दल थोडे कमी आणि तो ज्या हाडांच्या खोबणीत बसलेला आहे तिच्याबद्दल अधिक बोलणार आहे. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारे परिणाम यांविषयी आपण शिबिरांतून आणि वर्तमानपत्रांतून पुष्कळ ऐकतो, वाचतो. खोबणीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. आपल्या सोलापुरात पूर्व भागातल्या कापडाच्या मागावरून उडालेला, आडवा धागा नेणारा धोटा, मैदानावरचा चेंडू आणि दुचाकीवरून पडणे या तीन गोष्टींनी डोळ्याला जी इजा होते, ती समजून घ्यायची तर आधी ही खोबण समजून घ्यावी लागते. बाहेरून डोळा शाबूत दिसतो म्हणून माणूस घरी थांबतो, आणि खरा बिघाड मागे, हाडात किंवा हाडाला लागून झालेला असतो, असे अनेकदा घडते.

आपण सर्वांनी आपले बोट भुवईखालच्या हाडाच्या कडेवर ठेवावे. नाकाकडून बाहेरच्या बाजूला हळूहळू सरकत गेलात तर साधारण एक तृतीयांश अंतरावर बहुतेकांना एक बारीक खाच लागेल. काहींना ती लागणार नाही, कारण त्यांच्यात तिथे खाचेऐवजी पूर्ण छिद्र असते. कपाळाला संवेदना पुरवणारी चेता, म्हणजे मज्जातंतू, तिथून वर जाते, म्हणून जोराने दाबले तर चमक येते. आता कडेकडेने बाहेर, कानाच्या दिशेला या. इथे कड मागे हटलेली आहे, हे आपल्याला सहज जाणवेल. वर, खाली आणि नाकाकडे डोळ्याला हाडाचा आडोसा आहे, पण बाहेरच्या बाजूने नेत्रगोलाचा बराच भाग उघडा आहे. त्यामुळेच मान न वळवता आपल्याला बाजूचे इतके विस्तृत दिसते, आणि त्यामुळेच बाजूने आलेला फटका थेट डोळ्यावर बसतो.

ही खोबण सात हाडे मिळून बनते: कपाळाचे, गालाचे, वरच्या जबड्याचे, अश्रुपिशवीजवळचे नखाएवढे छोटे हाड, टाळूचे, आणि कवटीच्या तळाशी असलेली स्फेनॉइड व एथमॉइड ही दोन हाडे. आकार चौकोनी तळाच्या निमुळत्या शंकूसारखा असून त्याचे रुंद तोंड पुढे आणि टोक मागे, मेंदूच्या दिशेला आहे. प्रौढ माणसात तोंडाशी रुंदी सुमारे 40 मिलिमीटर, उंची सुमारे 35 मिलिमीटर आणि खोली 40 ते 45 मिलिमीटर असते. खोबणीत साधारण 30 मिलिलिटर जागा असते. त्यांपैकी नेत्रगोल जेमतेम सात मिलिलिटर व्यापतो. म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक जागा चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या, चेता आणि अश्रुग्रंथी यांची आहे. नेत्रगोल हाडाला कुठेच टेकत नाही, तो चरबीच्या गादीवर तोलून धरलेला असतो.

दोन्ही खोबणींच्या नाकाकडच्या भिंती एकमेकींना जवळजवळ समांतर आहेत. बाहेरच्या भिंती मात्र एकमेकींशी काटकोन करतात. म्हणून डोळे सरळ समोर पाहत असले तरी खोबणींचा अक्ष प्रत्येकी सुमारे 22 अंश बाहेर वळलेला असतो. डोळा फिरवणाऱ्या सहा स्नायूंपैकी चार सरळ स्नायू खोबणीच्या टोकाशी असलेल्या कड्यापासून निघतात, त्यामुळे त्यांची ओढही तिरकी असते. वरचा तिरका स्नायू तर विलक्षण आहे. विहिरीचा दोर कप्पीवरून वळावा तसा तो खोबणीच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातल्या कूर्चेच्या कप्पीतून वळून मागे येतो आणि मग नेत्रगोलाला चिकटतो. मेंदूपासून निघालेली चौथी चेता केवळ या एका स्नायूसाठी आहे, आणि डोक्याला मार बसल्यावर ती दुखावली तर रुग्णाला जिना उतरताना किंवा वाचताना एका वस्तूच्या दोन दिसतात. प्रकाशाचा संदेश नेणारी दृष्टिचेता खोबणीत 25 ते 30 मिलिमीटर लांब असते, तर नेत्रगोलाच्या मागच्या बाजूपासून हाडातल्या नळीपर्यंतचे अंतर त्याहून बरेच कमी आहे. ही चेता नागमोडी, सैल ठेवलेली आहे. ती ताठ असती तर डोळा फिरवताना दर वेळी तिच्यावर ताण आला असता.

आता भिंतींकडे येऊ, कारण मला मुख्यतः त्यांच्याविषयीच सांगायचे आहे. बाहेरची भिंत जाड आणि भक्कम आहे. नाकाकडची भिंत इतकी पातळ आहे की कवटी उजेडासमोर धरली तर तिच्यातून प्रकाश आरपार दिसतो; शरीरशास्त्राच्या विद्यार्थ्याला मी हे हटकून करायला लावतो. खालची भिंत, म्हणजे खोबणीची जमीन, हिचीही जाडी फार नाही, आणि तिच्यातून एक चेता खोदलेल्या पन्हाळीसारख्या मार्गाने पुढे येऊन गाल, वरचा ओठ आणि वरचे दात यांना संवेदना देते. या जमिनीखाली जबड्याच्या हाडातली हवेची मोठी पोकळी आहे. डोळ्यावर समोरून बोथट फटका बसला की कड टिकते, पण ही पातळ जमीन खाली फुटते. 1957 साली अमेरिकेत बायरन स्मिथ आणि विल्यम रेगन यांनी मृतदेहांवर प्रयोग करून खोबणीत एकाएकी वाढलेल्या दाबाने जमीन कशी फुटते हे दाखवले. कडेचे हाड लवल्याने तो धक्का जमिनीपर्यंत पोचतो, असेही त्याआधीपासून मानले जात होते. दोन्ही कारणे खरी असू शकतात. परिणाम असा की दाब खालच्या पोकळीत निघून जातो आणि नेत्रगोल पुष्कळदा फुटण्यापासून वाचतो.

क्रिकेटचा चेंडू खोबणीच्या तोंडापेक्षा मोठा असल्याने त्याचा बराचसा मार कडेच्या हाडावर पडतो. धोट्याचे टोक मात्र निमुळते आणि धातूचे असते. त्याच्यासमोर कड निरुपयोगी आहे, ते थेट बुबुळापर्यंत पोचते. मागावर काम करणाऱ्याने पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा वापरावा, असा माझा आग्रह आहे तो याच रचनेमुळे.

जमीन फुटल्याची लक्षणे आपण ओळखली पाहिजेत. वर पाहताना दोन दिसणे, गाल व वरचे दात बधिर होणे, काही दिवसांनी सूज उतरल्यावर डोळा आत गेल्यासारखा वाटणे. अशा रुग्णाने नाक शिंकरू नये, कारण नाकातली हवा फटीतून खोबणीत शिरते आणि पापणी फुगते; बोटाने दाबले तर तिथे कुरकुर जाणवते. लहान मुलांच्या बाबतीत मी विशेष सावध करतो. मुलांचे हाड लवचीक असते, ते फुटताना झडपेसारखे उघडते आणि पुन्हा मिटते, आणि त्या फटीत डोळ्याचा खालचा स्नायू चिमटला जातो. मुलाचा डोळा पांढराशुभ्र, सूज नाममात्र. पण वर पाहायला सांगितले की तो डोळा हलत नाही, मूल ओकते, मलूल होते, नाडी मंदावते. ओकारी आणि सुस्ती पाहून घरचे आणि कधी डॉक्टरही डोक्याच्या दुखापतीचाच विचार करतात. चिमटलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून तो शक्यतो एक-दोन दिवसांतच सोडवावा लागतो. मार लागलेल्या मुलासमोर आपले बोट धरून त्याला वर पाहायला लावणे ही तपासणी कोणताही पालक करू शकतो.

याउलट, काही वेळा भिंती फुटत नाहीत आणि आत रक्तस्राव होतो. बंद खोबणीत रक्त साठले की दाब वाढतो, डोळा पुढे येतो, दगडासारखा घट्ट लागतो आणि नजर झपाट्याने जाते. हे दुखणे तासांच्या हिशेबाचे आहे, स्कॅनसाठी थांबण्याचे नाही. बाहेरच्या कोपऱ्यातला पापणीचा बंध कापून तो दाब तत्काळ मोकळा करावा लागतो.

पातळ भिंतीची दुसरी बाजू संसर्गाची. नाकाशेजारच्या एथमॉइड हाडातल्या हवेच्या पोकळीतला, म्हणजे सायनसमधला, पू त्या कागदी भिंतीतून खोबणीत येतो, विशेषतः मुलांत. सर्दीनंतर मुलाची पापणी लाल होऊन सुजली आणि डोळा हलवताना दुखू लागला तर थेंबांवर भागवू नये. 2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे गेले, ती बुरशीही नाक आणि सायनसमधूनच याच वाटेने खोबणीत शिरत होती. मधुमेह आणि स्टेरॉइड यांनी तिला वाव दिला. शिवाय चेहऱ्याच्या आणि खोबणीच्या शिरांतून रक्त दोन्ही दिशांनी वाहू शकते आणि संसर्ग त्याबरोबर मागे जाऊ शकतो, त्यामुळे नाक व वरचा ओठ या भागातली पुळी फोडू नये, हा घरातल्या जुन्या माणसांचा सल्ला शास्त्राला धरून आहे.

थायरॉइडच्या एका विकारात खोबणीतले स्नायू आणि चरबी सुजतात. चारही बाजूंना हाड, मागे टोक, मग वाढलेल्या आकारमानाला मोकळी वाट फक्त पुढची. म्हणून डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात आणि पापण्या पूर्ण मिटत नाहीत. सूज मागे टोकाशी जास्त असेल तर डोळा फारसा पुढे न येताही दृष्टिचेता दाबली जाते, आणि रुग्णाला आधी रंग फिके वाटू लागतात. औषधांनी आवरले नाही तर शल्यचिकित्सक खोबणीची जमीन आणि नाकाकडची भिंत हेतुपुरस्सर काढतो, म्हणजे सुजलेले स्नायू व चरबी सायनसच्या पोकळीत सरकतात आणि चेतेवरचा दाब उतरतो. काही रुग्णांना त्यानंतर दोन दिसू लागतात आणि स्नायूंवर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. हे आधी समजावून सांगितलेले असले की रुग्ण निर्णय नीट घेतो.