घोडामैदान फातोर्डा! वर्ल्ड कप जिंकलेला लूसियो गोव्यापर्यंत कसा आला?

समजा, एक मोठा फुटबॉल क्लब तुमच्या हातात आहे. आज तुमच्या टीमने समोरच्यांना सात-शून्यने धुतलंय. आता त्याच हरलेल्या टीममधला एक खेळाडू उचला म्हटलं, तर कुणाला उचलाल? कुणालाच नाही ना? आणि उचललाच तर डिफेंडर? ज्याच्या नाकासमोरून सात गोल गेले, तो?

ब्राझीलमध्ये १९९७ साली नेमकं हेच घडलं. ग्वारा नावाचा ब्राझिलियाकडचा छोटासा क्लब आणि समोर पोर्तो आलेग्रेचा दादा क्लब इंटरनॅसिओनाल. ग्वाराने सात गोल खाल्ले. पण इंटरनॅसिओनालवाल्यांना ग्वाराचा एक उंच, तगडा डिफेंडर आवडला आणि त्यांनी त्याला घरातून उचलून थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला नेला. पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा, गाव प्लानाल्तिना, नाव लुसिमार दा सिल्वा फेरेइरा. आपल्यासाठी लूसियो.

[स्क्रीनवर नकाशा : ब्राझिलिया, पोर्तो आलेग्रे, लेव्हरकुसेन, म्युनिक, मिलान, तुरिन, साओ पाउलो, मडगाव]

हा नकाशा नीट बघा, आणि शेवटचं नाव विसरू नका. पण मला आज क्लबांची जंत्री वाचायची नाहीये, ती तुम्हाला कुठेही मिळेल. माझं म्हणणं वेगळं आहे. हा माणूस जिथून जिथून निघाला, तिथली माणसं त्याला पुढे कधीतरी समोरच्या टीमच्या शर्टात भेटली. आणि भेटली तीसुद्धा साध्यासुध्या सामन्यात नाही, मोठ्या सामन्यांत. चला, बघूया.

२००१ च्या सुरुवातीला लूसियो जर्मनीत आला, बायर लेव्हरकुसेनकडे. बायर म्हणजे ॲस्पिरिनवाली कंपनी, हा तिचा क्लब. आणि २००२ च्या मोसमात या क्लबच्या चाहत्यांना ॲस्पिरिन पुरली नसेल. लीगचे तीन सामने शिल्लक असताना हे लोक पाच गुणांनी पुढे होते. दोन सामने हरले आणि डॉर्टमुंडने एका गुणाने लीग नेली. मग जर्मन कपची फायनल, शाल्केकडून चार-दोनने हार. मग चॅम्पियन्स लीगची फायनल, १५ मे, ग्लासगो, समोर रियाल माद्रिद.

त्या फायनलपर्यंत पोहोचण्यात लूसियोचा मोठा वाटा होता. उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूलविरुद्ध अगदी शेवटाकडे निर्णायक गोल कुणाचा? डिफेंडरचा, याचाच! फायनलमध्ये राऊलने आठव्या मिनिटाला रियालला पुढे नेलं, तर पाचेक मिनिटांत फ्री किकवर हेडर मारून बरोबरी कुणी केली? पुन्हा यानेच. त्यानंतर मध्यंतराच्या तोंडावर झिदानने हवेतून आलेला बॉल डाव्या पायाने असा काही मारला, की त्या फायनलचं नाव काढलं तर लोकांना तेवढंच आठवतं. दोन-एक. हातातोंडाशी आलेले तीन घास एकाच महिन्यात गेले.

आता महिना-दीड महिना पुढे चला. जपान. वर्ल्ड कप, ब्राझील विरुद्ध इंग्लंड, उपांत्यपूर्व सामना, तेविसावं मिनिट.

हा सीन मी किती वेळा पाहिलाय, विचारू नका. हेस्कीने एक लांब बॉल टाकला. फार भारी वगैरे नव्हता. लूसियो त्याच्या खाली उभा, बॉल थांबवायला आरामात वेळ आहे. बॉल त्याच्या अंगावर आदळला आणि उसळून थेट पुढे, मायकेल ओवेनच्या वाटेत. ओवेनला याहून जास्त काही लागत नसे. एक-शून्य, इंग्लंड पुढे.

बचावपटूचं काम असं वाईट असतं बघा. स्ट्रायकरने चार संधी घालवल्या आणि पाचवी मारली की तो हीरो. डिफेंडरने ८९ मिनिटं सगळं नीट केलं आणि एकदा बॉल अंगावरून घसरला, की वीस वर्षांनी माझ्यासारखा कुणीतरी त्याचा व्हिडिओ करतो.

पण पुढचं पाहा. रिवाल्डोने मध्यंतराच्या आधी बरोबरी केली. मध्यंतरानंतर रोनाल्डिन्योने ती प्रसिद्ध फ्री किक लांबून इंग्लंडचा गोलकीपर सीमनच्या डोक्यावरून आत टाकली. आणि सातच मिनिटांनी त्याच रोनाल्डिन्योला लाल कार्ड! अर्धा तास उरलाय, ब्राझील दहा जणांवर. आता इंग्लंड काय करणार? उंच बॉल टाकत राहणार. कुणाच्या डोक्यावर? ज्याच्या चुकीवर गोल झाला त्याच्याच. त्या अर्ध्या तासात इंग्लंडला एकही गोल करता आला नाही. ओवेनच्या गोलची क्लिप सगळ्यांकडे आहे, या अर्ध्या तासाची कुणी ठेवत नाही.

३० जून, योकोहामा, फायनल. समोर जर्मनी. जर्मनीच्या अकरा जणांत कोण कोण? रामेलो, श्नायडर, नॉयव्हिल. तिघेही लेव्हरकुसेनचे. ग्लासगोत लूसियोने हेडर मारला तो कुणाच्या फ्री किकवर? याच श्नायडरच्या! लेव्हरकुसेनचाच बालाक तर दोन पिवळ्या कार्डांमुळे बाहेरच बसलेला. दीड महिन्यापूर्वी सगळे एकाच ड्रेसिंग रूममध्ये मान खाली घालून बसले होते. आता ब्राझील दोन-शून्यने जिंकलं आणि त्या मंडळींची आणखी एक फायनल गेली. त्यांच्यातला एकच जण कप उचलत होता. हा.

थोडं थांबून त्याच्या खेळाबद्दल बोलू, कारण टोपणनावाचा संबंध तिथेच आहे. लूसियोला म्हणायचे ‘ओ काव्हालो’, म्हणजे घोडा. सहा फुटांहून उंच गडी, बॉल हिसकावला की पास द्यायच्या ऐवजी सरळ पळत सुटायचा. मधली रेषा ओलांडून, कधीकधी समोरच्या डीपर्यंत.

त्याने काय व्हायचं? एरवी तुमच्या प्रत्येक मिडफिल्डरने कुणाला तरी धरून ठेवलेलं असतं. मागून येणाऱ्या डिफेंडरला कुणीच धरलेलं नसतं. तो बॉल घेऊन आत घुसला की कुणालातरी आपला माणूस सोडून त्याला अडवायला जावं लागतं. तो गेला की त्याची जागा रिकामी. सगळी घडी विस्कटते. बघणाऱ्याला मजा, आणि त्याच्या स्वतःच्या कोचचा जीव टांगणीला, कारण बॉल गेला तर मागे भगदाड! २००२ च्या ब्राझीलला हे झेपायचं, कारण बचावात त्याच्या सोबतीला एडमिल्सन आणि रोके ज्युनियर असायचे आणि पुढे जिल्बेर्तो सिल्वा घोड्याची रिकामी जागा भरायला तयार असायचा.

असा धसमुसळा दिसणारा माणूस फाउल किती करत असेल? २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये लूसियो सलग ३८६ मिनिटं एकही फाउल न करता खेळला. म्हणजे चार सामने आणि वर थोडं. तो वर्ल्ड कपमधला विक्रम ठरला. मधल्या बचावात उभं राहायचं, अंगाला अंग लावून खेळायचं आणि रेफरीला शिटी वाजवायला निमित्त द्यायचं नाही. करून बघा एकदा, आपल्या मैदानावर!

क्लबांकडे परत येऊ. २००४ ला बायर्न म्युनिक. पाच मोसम, तीन लीग, तीन जर्मन कप. तिथलं सगळं सांगत बसत नाही. २००७ ला रियाल माद्रिदला बाहेर काढणारा हेडर तेवढा शोधून बघा. ग्लासगोची थोडीफार परतफेड.

२००९ चा उन्हाळा मात्र नीट ऐका. जून महिना, जोहान्सबर्ग, कॉन्फेडरेशन्स कपची फायनल. आता लूसियो ब्राझीलचा कॅप्टन. अमेरिकेविरुद्ध मध्यंतराला दोन-शून्यने मागे. अमेरिकेविरुद्ध! लुईस फाबियानोने दोन गोल फेडले आणि ८४ व्या मिनिटाला एलानोच्या कॉर्नरवर लूसियोचा हेडर. तीन-दोन, कप ब्राझीलचा. एलानो हे नाव डोक्यात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आणि हा कप उचलून माणूस कामावर जातो तर काय? बायर्नमध्ये नवा कोच आलेला, लुई व्हान गाल. त्याच्या डोक्यातल्या टीममध्ये लूसियो नाही. ब्राझीलच्या कॅप्टनच्या हातात नारळ! जुलैमध्ये लूसियो इंटर मिलानमध्ये.

तिथे कोच होता मोरिन्यो. त्याने लूसियोला वॉल्टर सॅम्युएलच्या शेजारी उभं केलं आणि घोड्याला लगाम घातला. पळायचं, पण मी सांगेन तेव्हा. इटालियन लीग आली, इटालियन कप आला. चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलमध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर मोत्ताला अठ्ठाविसाव्या मिनिटाला लाल कार्ड. उरलेला तासभर इंटरने जे केलं त्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, तटबंदी. मेस्सीची बार्सिलोना एकच गोल मारू शकली आणि तो पुरला नाही.

२२ मे २०१०, माद्रिद, फायनल. समोर कोण? बायर्न म्युनिक. बाकावर कोण? व्हान गाल. बायर्नच्या बचावात कोण? डेमिकेलिस, जो म्युनिकमध्ये इतकी वर्षं लूसियोच्या शेजारी खेळला. सिनेमात असं दाखवलं तर आपण म्हणू, काहीही दाखवतात! इंटरच्या मिलितोचे दोन गोल, बायर्नचा शून्य. व्हान गालची टीम ९० मिनिटं त्या माणसाच्या भोवती घिरट्या घालत राहिली, ज्याला त्याने ‘नको’ म्हटलं होतं.

पण हा खेळ दोन्हीकडून चालतो. बरोबर ४१ दिवसांनी, २ जुलै, दक्षिण आफ्रिका, वर्ल्ड कप. लूसियोचा ब्राझील नेदरलँड्सविरुद्ध एक-शून्यने पुढे. मग दोन गोल झाले, दोन्ही नेदरलँड्सचे आणि दोन्ही वेस्ली स्नायडरच्या नावावर. तोच स्नायडर, ज्याच्यासोबत सहा आठवड्यांपूर्वी लूसियोने माद्रिदमध्ये कप उचलला होता. कॅप्टन लूसियोचा वर्ल्ड कप तिथेच संपला.

पुढची चार-पाच वर्षं पटकन सांगतो, कारण ती त्याची चांगली वर्षं नव्हती. २०१२ ला युव्हेन्टस, डिसेंबरपर्यंतच करार संपवला. साओ पाउलोमध्ये कोचशी जमेना, टीमबाहेर. मग त्याच शहरातल्या कट्टर वैऱ्यांकडे, पाल्मेइरासकडे. वय ३६. युरोपातला फोन आता वाजणार नव्हता.

फोन वाजला तो मडगावचा.

एफसी गोवा, इंडियन सुपर लीग, २०१५. कोच झिको, म्हणजे ब्राझिलियन माणसासाठी घरचाच वडीलधारा. गोव्याच्या टीममध्ये गोलकीपर काट्टीमनी, मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस अशी स्थानिक पोरं, आणि बचावाच्या मध्यभागी वर्ल्ड कप आणि चॅम्पियन्स लीग जिंकलेला माणूस! तेव्हा अनेकांनी नाक मुरडलं. ‘म्हातारे येतात, पैसे घेतात, फोटो काढतात.’ काहींच्या बाबतीत ते खरंही होतं. पण गोवा त्या वर्षी साखळीत पहिल्या क्रमांकावर आला. आणि नोव्हेंबरमध्ये मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर त्यांनी मुंबई सिटीला किती गोल मारले माहितीये? सात. सात-शून्य! ज्याची गोष्ट सात-शून्यने सुरू झाली, त्याच्या टीमला अठरा वर्षांनी तोच आकडा, फक्त पारडं उलटं. मुंबईकरांनो, माफ करा, पण हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

सेमीफायनल दिल्लीशी. दिल्लीचा कोच रॉबर्टो कार्लोस, म्हणजे योकोहामात ब्राझीलकडून सोबत खेळलेला जोडीदार. दिल्लीत गोवा एक-शून्यने हरला, घरी येऊन तीन-शून्यने जिंकला. जुन्या मित्राची रवानगी.

आणि २० डिसेंबर. फायनल, फातोर्डा, गोव्याच्या घरात. समोर चेन्नईयिन. त्यांचा कोच मार्को माटेराझी, माद्रिदच्या त्या रात्रीचा इंटरमधला सोबती. आणि त्यांच्या टीममध्ये एलानो, जोहान्सबर्गच्या कॉर्नरवाला. लूसियोच्या आयुष्यातली सगळी पात्रं जणू कुणी बोलावून मडगावला जमवली होती.

चेन्नईला पेनल्टी मिळाली. काट्टीमनीने ती अडवली, पण परत आलेला बॉल पेलिसारीने मारला. चार मिनिटांत हाओकिपची बरोबरी. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक आणि गोवा पुढे, दोन-एक! आम्ही टीव्हीसमोर उभे राहून ओरडत होतो. आमचा एक मित्र तर पेढे आणायला चप्पल घालून दारापर्यंत पोहोचला होता.

तीन मिनिटं. फक्त तीन मिनिटं काढायची होती. नव्वदाव्या मिनिटाला गोलसमोर गोंधळ, बॉल काट्टीमनीच्या हातून रेषेपलीकडे. स्वयंगोल, दोन-दोन. आणि इंज्युरी टाइममध्ये चेन्नईच्या मेंडोझाचा गोल. तीन-दोन, कप चेन्नईला. पेढेवाला मित्र दारातच, एक चप्पल पायात.

लूसियो २०१६ लाही गोव्यात राहिला. त्या वर्षी टीम तळाला गेली आणि झिकोही निघाले. मग तो घरी परतला. आधी गामा, मग ब्राझिलिएन्स, दोन्ही क्लब प्लानाल्तिनाच्याच परिसरातले, जिथून तो निघाला होता. जानेवारी २०२० मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्याने बूट काढले. ब्राझीलसाठी १०५ सामने, चार गोल.

रॉबर्टो कार्लोस दिल्लीत नेमकं काय करत होता, ही एक वेगळीच धमाल गोष्ट आहे. ती पुढच्या व्हिडिओत. आणि त्या दिवशी फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये तुमच्यापैकी कुणी असाल, तर काट्टीमनीच्या हातून बॉल गेला तेव्हा तुमच्या बाजूला काय झालं ते खाली लिहा. मला खरंच ऐकायचंय.